न सुटलेला पहारा

सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात ज्या गावात एकही फौजी नाही, असं गाव शोधावं लागेल. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यानं तर 'मिलिटरी' हा शब्द नावालाच जोडून घेतला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात उभा आहे. जे आले नाहीत त्यांचा हिशेब दगडावर राहिला. जे परतले आणि पुढची तीस-चाळीस वर्षं रात्री दचकून उठत राहिले, त्यांच्यासाठी गावाकडं एकच शब्द होता: धसका. "लढाईवरनं आल्यापासनं धसका घेतलाय त्यानं," एवढं बोलून माणसं कामाला लागायची.

शब्द नेमका आहे. डॉक्टरांना नाव सापडायला जास्त वेळ लागला. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरानं 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एप्रिल १९१६ पर्यंत त्यांनी उपासमार सोसली आणि मग कैद. त्या शिपायांच्या मनाचं काय झालं, हे कुणी कागदावर मांडलं असेल तर फार थोडं. पीटीएसडी हे आजचं नाव अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत १९८० साली आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. मराठी पुस्तकात त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, पण घरात तसं कुणी म्हणत नाही. म्हणून मी धसकाच म्हणेन.

बरं करायचं तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की असावी लागते. धसका म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि डोकं फिरणंही नव्हे. पलटणीत शिकवलेलं आणि जिवावर बेतलेल्या वेळी कामाला आलेलं कसब अंगात तसंच राहिलेलं असतं. पहाऱ्यावरचा संतरी बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही. पाऊस असो, ताप असो, पुढचा जवान येऊन ताबा घेईपर्यंत हलायचं नाही. काश्मीरच्या गस्तीत, १९८७ ते १९९० च्या काळात श्रीलंकेत, १९८४ पासून सियाचीनच्या चौक्यांवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्यातल्या काहींचा पहारा पेन्शनला आल्यावरही सुटलेला नसतो. माणूस घरी येतो, शरीर चौकीवरच असतं.

घरातल्या बाईला हे सगळ्यांच्या आधी कळतं. पलंग दाराकडे तोंड करून सरकवला जातो. जेवताना भिंतीला पाठ लागते. रात्री दोन-तीन वेळा कडी तपासली जाते. कुकरची शिटी झाली की हातातला तांब्या पडतो आणि मग कुणीतरी हसलं म्हणून घरभर आरडाओरडा होतो. लग्नाचं आवतन आलं की पोट दुखतं. पोराला पहिला नंबर मिळाला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. पोर समजतं, बाबांना आपलं काही वाटत नाही. नको असताना आठवण उसळून येणं, आठवण करून देणारं सगळं टाळणं, मन आणि भावना बधिर होणं, अंग कायम ताठ असणं. या चारी गोष्टी महिन्याहून जास्त टिकल्या आणि संसार-कामधंद्यात आडव्या येऊ लागल्या, की तज्ज्ञाकडं जायचं. कधी कधी हे सगळं प्रसंगानंतर सहा महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी वर येतं. सर्व्हिसमध्ये असेपर्यंत रोल कॉल, पीटी, ड्युटी यांच्या चौकटीनं माणूस उभा असतो. पेन्शनला आला की चौकट निघते. जवान पस्तीस-चाळिशीत घरी येतो, हेही विसरू नये. पुढं निम्मं आयुष्य पडलेलं असतं.

मनावर शिक्का मारण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्या हमखास राहून जातात. पहिली कान. तोफखान्यात किंवा स्फोटाजवळ राहिलेल्यांचं ऐकू येणं कमी झालेलं असतं, कानात सतत शिटी वाजत असते. माणूस चारचौघांत बसत नाही, कारण त्याला बोलणं नीट कळत नाही आणि तसं सांगायची लाज वाटते. दुसरी डोक्याला बसलेला जुना हादरा. स्फोटाच्या दणक्यानं बाहेर खूण न राहताही डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड राहू शकते. तिसरी झोपेतला श्वास. मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड. हा आजार असेल तर तो नुसत्या समुपदेशनानं हलणार नाही.

रात्रीचं मात्र घरच्यांनाच निभवावं लागतं, म्हणून ते नीट सांगतो. वाईट स्वप्नात ओरडणाऱ्या फौजीला खांदा धरून हलवायचं नाही, वरून वाकायचं तर मुळीच नाही. अर्धवट जागेपणी तो हात चालवतो आणि नंतर आयुष्यभर त्याची लाज बाळगतो. आधी दिवा लावायचा. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून नाव घ्यायचं, आणि सोबत जागा सांगायची: "अहो, घरी आहात. गावी. मी आहे इथं." दोन-तीनदा, हळू आवाजात. डोळे उघडले तरी लगेच जवळ जायचं नाही, त्याला पाय जमिनीवर टेकवू द्यायचे. गार फरशी पायाला लागली की शरीराला ठिकाण कळतं. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज मोजायला लावायचे. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की छातीतली धडधड उतरते. "काय दिसलं?" हे त्या वेळी विचारू नये. ते दिवसा, त्यानं विषय काढला तर.

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्याच्यावर दिवसाउजेडी काम करता येतं. स्वप्न वहीत लिहायचं, मग त्याचा शेवट किंवा मधला एखादा भाग हवा तसा बदलायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करायची नाही, त्यातल्या त्यात हलक्या स्वप्नापासून करायची. काही आठवडे नेमानं केलं तर बऱ्याच जणांना फरक पडतो. झोपेचं बाकीचं जुनंच आहे: उठायची वेळ रोज एक, वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून दुसरीकडं बसायचं, चहा दुपारनंतर बंद.

आणि इथंच आपल्याकडची एक मोठी चूक होते. पेन्शनला आलेल्या जवानाला गावात मिळणारं पहिलं काम बहुतेक वेळा सिक्युरिटीचं असतं. एटीएम, कारखान्याचं गेट, सोसायटी, बारा तासांची रात्रपाळी. ज्याला पहाऱ्यावरून उतरवायचंय त्यालाच आपण पुन्हा पहाऱ्यावर उभं करतो, तेही एकट्याला, अंधारात. पैशाची गरज असते हे खरं. पण दिवसपाळी मागता येते, डेपोत, भांडारात, शाळेच्या बसवर काम बघता येतं. धसका असलेल्या माणसानं रात्रपाळी टाळणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मला ठामपणे वाटतं.

याच नोकरीतून घरात बंदूकही येते. बँकेच्या गार्डसाठी बाराबोरचा परवाना काढलेला असतो. झोप नाही, दारू वाढलीय, बोलणं निरवानिरवीचं होतंय, अशा वेळी ती घरात ठेवू नये. परवानाधारक विक्रेत्याकडं किंवा पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करता येतं. निवडणुकीच्या वेळी लोक करतातच, त्यात कमीपणा नाही. शेतावरच्या कीटकनाशकाच्या बाटल्याही कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. आणि सरळ विचारावं: "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात घुसत नाही. असलेलं बाहेर यायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. खडकीला अपंग जवानांना धंदा शिकवणारी, पहिल्या महायुद्धापासून चालत आलेली क्वीन मेरीज इन्स्टिट्यूट आहे, १९७४ पासून मणक्याला मार बसलेल्या जवानांचं केंद्र आहे. हातपाय गेलेल्यांची सोय आपण शंभर वर्षांपूर्वी केली. दिसत नसलेल्या जखमेच्या माणसाला हक्काचा फोन नंबर मिळायला २०२३ उजाडावं लागलं, हे मला लागतं.

दारूचं बोलायलाच हवं. कॅन्टीनचा कोटा पेन्शनरालाही असतो. दोन पेग घेतले की झोप लागते, म्हणून सुरुवात होते. लागते ती झोप उथळ असते. पहाटे दारू उतरली की स्वप्नं दुप्पट जोरानं येतात आणि मग दोनाचे चार होतात. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्यांनी शपथ घालून एका दिवसात तोडणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप येऊन जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी-वन जीवनसत्त्व सुरू करून, पाच-सात दिवस औषध उतरवत नेऊन करायचं काम आहे.

औषधांची तऱ्हाही समजून घ्यावी. धसक्यासाठी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सिन अशी औषधं दिली जातात. सर्ट्रालिन सहसा २५ किंवा ५० मिलिग्रॅमनं सुरू होतं, डॉक्टर हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा येतो. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. अनेकांच्या गोळ्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच बंद पडतात, कारण त्रास आधी येतो आणि गुण मागून. दुसरं कारण कुणी बोलत नाही: शरीरसंबंधात अडचण येते. माणूस डॉक्टरला सांगत नाही, बायकोला सांगत नाही, गोळी गटारात टाकतो. सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. अचानक थांबवलं तर चक्कर, झटके बसल्यासारखं होणं, चिडचिड असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांवर, क्लोनाझेपामसारख्यांवर, धसका बरा होत नाही. सवय लागते, आणि रमबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो.

खरा उपचार बोलण्याचा आहे. त्याच्या दोन-तीन पद्धती जगभर तपासून झाल्या आहेत. एकीत बारा बैठका असतात आणि काम असतं मनात अडकून बसलेल्या वाक्यांवर. बडी म्हणजे पलटणीतला जोडीचा जवान. एखाद्या जवानाच्या वहीत असं वाक्य असतं: 'मी सुट्टीवर गेलो नसतो तर माझा बडी वाचला असता.' त्यावर तज्ज्ञ "तसं काही नाही हो" म्हणत नाही. तसं तर घरचे वर्षानुवर्षं म्हणत आलेले असतात, उपयोग शून्य. तो प्रश्न विचारतो. सुट्टी कुणी मंजूर केली? गस्त कुठल्या वाटेनं जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्या दिवशी तुम्ही हजर असता तर तुमची जागा कुठली होती? त्या जागेवरून ती गोळी दिसली असती का? बडी सुट्टीवर असता आणि तुम्हाला लागलं असतं, तर त्याला तुम्ही दोष दिला असता का? उत्तरं जवान स्वतः लिहितो. चौथ्या-पाचव्या बैठकीत कधीतरी वहीतलं वाक्य बदलतं: 'मी तिथं नव्हतो आणि तो गेला.' एवढाच बदल. दुःख तसंच राहतं, पण आता ते दुःख असतं, गुन्हा नव्हे.

दुसऱ्या पद्धतीत आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक सुमारे दीड तासाची. नको असलेला प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय तसा, पुन्हा पुन्हा सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. आठवणीवरचा हा भाग तज्ज्ञाशिवाय करू नये. मेहुण्यानं किंवा मित्रानं "सांगून टाक, मोकळा हो" म्हणून एका रात्रीत सगळं काढायला लावणं उलटतं. त्याच पद्धतीचा दुसरा भाग टाळलेल्या जागी पुन्हा जाण्याचा असतो, आणि त्यात घरचे सोबत करू शकतात. समजा आठवडी बाजाराला जाणं सुटलंय. भीतीला शून्य ते शंभर आकडा द्यायला सांगायचा. बाजार उठायच्या वेळी कडेकडेनं फेरी, पत्नी सोबत: तीस. सकाळी, एकट्यानं, एकाच बोळात: पन्नास. ऐन गर्दीत भाजीपाशी उभं राहणं: सत्तर. गर्दीकडं पाठ करून टपरीवर चहा: नव्वद. तिसापासून सुरू करायचं. तिथं अर्धा-पाऊण तास, आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. तीच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा, मग पुढची. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, म्हणून मधल्या दिवशी एसटी स्टँडचा उपयोग करावा. बिघडतं ते तीन ठिकाणी. भीती टोकाला असताना निघून आलं, की 'पळालो म्हणून वाचलो' हे शरीर पक्कं करतं आणि पुढच्या वेळी आकडा वाढतो. क्वार्टर मारून गेलं तर शिकणं होतच नाही. आणि पूर्ण वेळ बाहेर पडायच्या वाटा मोजत राहिलं तर बाजारात जाऊनही पहारा चालूच राहतो.

टोचणीचं दुखणं वेगळं आहे. भीतीची जागा तिथं लाज घेते. स्वतः केलेलं, करावं लागलेलं, किंवा समोर होताना थांबवता न आलेलं काहीतरी. बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांबरोबर काम करताना याला नैतिक जखम म्हटलं. "तू हुकूम पाळलास" हे ऐकून ती भरत नाही. ज्याच्या शब्दाला त्या माणसाच्या लेखी किंमत आहे, अशा कुणीतरी सगळं ऐकून घेऊनही उठून न जाणं, तिथून सुरुवात होते. जुना सुभेदार असेल, वारकरी बुवा असतील, पलटणीतला कुणी असेल. पुढं हातून काही घडावं लागतं: गेलेल्या बडीच्या आईकडं वर्षातून एकदा जाणं, त्याच्या मुलीच्या फीचं बघणं.

म्हणून १५ ऑगस्टला शाळेत माजी सैनिकाला बोलावणाऱ्या गुरुजींना एक विनंती आहे. सत्कार जरूर करा. पण माईक हातात देऊन "तुमचा प्रसंग सांगा" म्हणू नका, आणि "काका, तुम्ही किती मारले?" हा प्रश्न मुलं विचारणार नाहीत याची काळजी आदल्या दिवशी घ्या. त्याला खुर्ची कडेची द्या. गणपतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब त्याच्या दारात लावायचे नाहीत, एवढं मंडळाच्या पोरांना सांगितलं तर पोरं ऐकतात, सांगितलेलंच नसतं. कळून वाजलेला फटाका न कळता वाजलेल्यापेक्षा कमी त्रास देतो. पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकमकीचे व्हिडिओ फिरतात, तो ग्रुप म्यूट करावा. सोडू नये, कारण त्याच ग्रुपमधल्या दोघातिघांशी बोलणं ही अनेकांची शेवटची वाट असते. दोन जुन्या सोबत्यांनी दर रविवारी ठरल्या वेळी फोन करायचं ठरवावं. फोन आला नाही तर दुसऱ्यानं घर गाठायचं.

गावात अंगारा आणि उताराही होतो. बाहेरचं झालंय म्हणतात. त्यावर भांडत बसू नये. देवाला नारळ फोडायचा तर फोडा, पण दवाखाना त्यासाठी दोन महिने लांबवू नका. आणि "येरवड्याला नेताय काय?" ही धास्ती खरी असते, ती आधी काढावी लागते. जायचं असतं ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये. तिथला डॉक्टर मनोविकारतज्ज्ञाकडं रेफरल देतो, सैनिकी रुग्णालयात किंवा पॅनेलवरच्या. ज्याचं कार्ड नाही त्याला जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. अपंगत्व पेन्शनचा मुद्दा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे झालेला धरावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल आहे. नंतर २०२३ साली नियम बदललेत, म्हणून आपला दावा कुठल्या काळातला ते बघून घ्यावं. पण उपचार त्या कागदासाठी थांबवू नयेत.

पहिल्या दिवशी सोबत न्यायचं ते असं: ईसीएचएस कार्ड, डिस्चार्ज बुक, जुने मेडिकल बोर्डाचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, आणि एक साधी वही. वहीत बायकोनं पंधरा दिवस लिहिलेलं असावं: किती वाजता झोपले, कितीदा उठले, किती प्याले, कशावरून भडकले. "झोप येते का?" विचारलं की फौजी "ठीक है साब" म्हणतो, वही तसं म्हणत नाही. डॉक्टरांनी तिच्याशी पाच मिनिटं वेगळं बोलावं, हे तिनंच आधी सांगून ठेवावं. एसटी लवकरची पकडावी, गर्दी कमी असते. मागची, पाठीशी भिंत असलेली सीट त्याला घेऊ द्यावी. पुढची तारीख दवाखान्याच्या दारातच कॅलेंडरवर लिहून घ्यावी, चार आठवड्यांच्या आतली, कारण गोळी टाकून द्यायचा मोह होतो तो त्याच दिवसांत.